मेपलखालचं अळू

आमच्या मागच्या अंगणात उत्तरेच्या अंगाला एक जुना नॉर्वे मेपल आहे. २०१४ साली मध्य न्यू जर्सीत हे घर घेतलं तेव्हा एजंट बाईंनी कौतुकाने सांगितलं होतं, उन्हाळ्यात मस्त सावली मिळेल. मिळाली. इतकी मिळाली की झाडाखालच्या पंचवीस बाय पंधरा फुटांत गवताचं एक पातं तग धरेना. 'सावलीसाठी खास' असं लिहिलेलं बी दोनदा पेरलं, दोनदा ते हौसेने उगवलं आणि जून संपायच्या आत पिवळं पडून गेलं. झेंडू लावला तर तो उन्हाच्या शोधात हातभर लांबला आणि आडवा झाला. पाऊस पडला की उघडी लाल माती भिंतीवर उडायची. आमच्या भागातली माती लालच आहे, लाल शेल नावाच्या खडकापासून झालेली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा कोकण आठवलं. खणायला गेले तेव्हा आठवण पुसली गेली, कारण ओली असताना ती फावड्याला चिकटून बसते आणि वाळली की विटेसारखी होते.

मी मुळात फुलांची माणूस. वाईच्या घरी सकाळी परडी घेऊन फुलं काढायची हे माझं काम होतं, त्यामुळे झाड म्हटलं की फूल हे डोक्यात पक्कं. नुसत्या पानांसाठी झाड लावायचं म्हणजे आमच्याकडे एक तर कढीपत्ता, नाही तर सरकारी कचेरीच्या दारातलं क्रोटन.

पलीकडच्या घरात तेव्हा ऐंशीच्या घरातल्या एक पोलिश आजी राहायच्या. २०१५च्या सप्टेंबरात त्यांनी कुंपणावरून हाक मारली. त्यांच्या दारात पांढऱ्या काठाच्या हिरव्या पानांचे मोठमोठे गुच्छ होते. मी ते रोज बघायचे, पण 'बघण्यासारखं काही' म्हणून कधी बघितले नव्हते. आजींनी त्यातला परातीएवढा एक गड्डा खणून काढला होता. त्यावर त्यांनी फावडं उभं धरलं, बूट ठेवला आणि अंगाचं वजन टाकलं. मुळा दाताखाली यावा तसा कचकच आवाज झाला. गड्ड्याचे दोन भाग झाले, मग त्यातल्या एकाचे पाव कापायच्या करवती सुरीने तीन. प्रत्येक तुकड्याला जाडसर पांढऱ्या दोरीसारखी मुळं आणि वर तीन-चार फुटवे. पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून त्यांनी ते मला दिले. नाव विचारलं तर म्हणाल्या, "सासूबाईंचा होस्टा." होस्टा हे त्या झाडाचं नाव. पुढे पुस्तकं चाळून मी अंदाज बांधला की तो 'अंड्युलाटा आल्बोमार्जिनाटा' जातीचा असावा, पण आमच्या घरात त्याचं नाव सासूबाईच राहिलं.

आजींनी एक गोष्ट बजावली. पहिल्या वर्षी हे झाड झोपतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी उडी मारतं. तोवर उपटून बघायचं नाही.

मी उपटून बघणारच होते. नोव्हेंबरात पहिलं गोठवणारं दव पडलं आणि तिन्ही रोपांची पानं एका रात्रीत पिवळी होऊन शिजवलेल्या पालेभाजीसारखी जमिनीला चिकटली. डिसेंबरात तर जागाही ओळखू येईना. मी आजींना जाऊन सांगितलं की मेली. त्या हसल्या आणि मला केक खायला दिला.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कचरा टाकायला मागे गेले तेव्हा पाचोळ्यातून जांभळट, टोकदार, हाताच्या बोटाएवढे कोंब उभे दिसले. हळदीचे कोंब वर येतात ना, तसेच, पण टणक. मोजले. एका जागी पाच, दुसरीकडे चार, तिसरीकडे तीन. मग दहा-बारा दिवस मी चहाचा कप घेऊन रोज तिथे जायचे. कोंब उंच होतो, सैल पडतो आणि पान सुरळीच्या वडीसारखं उलगडायला लागतं. आधी बाहेरचं, मग आतलं, मग त्याच्या आतलं. नवं पान इतकं स्वच्छ असतं की त्यावर अजून काहीच घडलेलं नाही हे कळतं. जपानी भाषेत ह्या झाडाला गिबोशी म्हणतात. तिकडच्या जुन्या लाकडी पुलांच्या कठड्यांवर कांद्याच्या आकाराचा कळस असतो, त्याचं ते नाव. फुलाच्या दांड्यावरची मिटलेली कळी तशीच दिसते म्हणून. होस्टा हे नाव मात्र होस्ट नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. झाड जपान, कोरिया, चीनमधल्या ओलसर जंगलांतलं, ओढ्याकाठचं. युरोपात ते रुजवणाऱ्यांतला मोठा माणूस फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड. जपानातून हद्दपार झाल्यावर १८३०मध्ये तो तिथल्या वनस्पती घेऊन नेदरलँड्समध्ये परतला.

इथून माझं डोकं फिरलं. रोपवाटिकेत गेले तर हजारो जातींची दुनिया. २०१६च्या मे महिन्यात मी निळ्या पानांचं 'हॅल्सियन', मोठ्या पानांचं 'ब्लू एंजल' आणि पांढऱ्याशुभ्र काठाचं 'पेट्रियट' आणलं. हॅल्सियनवर माझा इतका जीव की ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा जागी लावलं. त्या जागी दुपारी दोनपासून ऊन येतं. जुलै उजाडेपर्यंत ते साधं हिरवं झालं होतं आणि पानांच्या कडा जळलेल्या पापडासारख्या.

निळा होस्टा खरं तर हिरवाच असतो, हे तेव्हा कळलं. कोहळ्यावर कशी पांढरी भुकटी असते, तसा पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि त्यामुळे ते निळं दिसतं. बोट फिरवलं तर बोटाची रेघ उमटते. उन्हाने, जोराच्या पावसाने, रोज फवारा मारल्याने तो थर जातो, आणि गेला की त्या पानावर पुन्हा येत नाही. पुढच्या वर्षीच्या पानाची वाट बघायची. पांढऱ्या काठाचं दुखणं वेगळं. त्या भागात हरितद्रव्यच नाही, त्यामुळे तो अन्न करत नाही आणि ऊन लागलं की आधी तोच करपतो. पिवळसर पोपटी जातींना मात्र थोडं ऊन मिळालं की रंग खुलतो. हॅल्सियन तिथून हलवून मी खिडकीसमोर 'सम अँड सब्स्टन्स' लावलं, ते आज पाच फूट पसरलं आहे आणि त्याचं एक पान पोळपाट झाकतं.

आणि 'सावलीचं झाड' ह्या शब्दाने मला फसवलं होतं, तेही सांगते. मेपलच्या अगदी बुंध्याशी, जिथे दिवसभर एक कवडसाही पडत नाही, तिथे होस्टा मरत नाही पण वाढतही नाही. त्याला सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास आवडतं, नको असतं ते दुपारचं.

त्याहून मोठी अडचण ऊन नव्हतीच. नॉर्वे मेपलची मुळं वरवर पसरतात आणि जमिनीतला ओलावा स्पंजसारखी ओढून घेतात. मी हौसेने खड्डा करून कंपोस्ट घातलं, म्हणजे मेपलसाठी पंगतच मांडली. पुढच्या वर्षी ब्लू एंजल लहान झालं होतं. उकरून बघितलं तर सगळा खड्डा केसांसारख्या बारीक मुळांनी विणलेला, आणि त्या विणीत होस्टा अडकलेला. मग एक उद्योग केला. इंडियन स्टोअरमधून येणाऱ्या बासमतीच्या वीस पौंडी पिशव्या आमच्याकडे साठलेल्या असतातच. खड्ड्यात ती पिशवी बसवायची, तळाला चार भोकं, आत माती आणि रोप, आणि पिशवीचा काठ मातीबरोबर आणून झाकायचा. नवऱ्याने विचारलं, भात पेरलास का? तीन वर्षं ती युक्ती चालली. चौथ्या वर्षी मुळं शिवणीतून आत आली. आता दर तीन वर्षांनी सप्टेंबरात पिशवी उचलायची, मेपलची मुळं कात्रीने कापायची आणि नवी पिशवी. भात तर आम्ही खातोच.

पाणी आठवड्याला इंचभर मिळालं पाहिजे. पावसाने दिलं तर ठीक, नाही तर पाइप सकाळीच सोडायचा. मातीचा नमुना रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवला होता, सामू ६.१ आला. होस्टाला चालतो. खताबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही. वसंतात ओंजळभर कंपोस्ट, बस्स.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०१८ला, सासूबाईंनी उडी मारायची होती. त्याआधीच्या जूनमध्ये हरणं आली.

सकाळी पडदा सरकवला तर अंगणात नुसती देठं उभी. पानं नाहीत. परसातलं अळू कोणी खुडून न्यावं तसं, देठाला हात न लावता, सफाईने. पांढऱ्या शेपटीची हरणं इथे गल्लीबोळांतून फिरतात आणि त्यांच्या लेखी होस्टा म्हणजे मांडून ठेवलेली कोशिंबीर. उंच कुंपण घालायचं तर परवानगीचे कागद आणि खर्च, दोन्ही आवाक्याबाहेर. उपाय एकच टिकला: अंड्याचं पाणी. एक अंडं, लिटरभर पाणी, ठेचलेला लसूण, चमचाभर लाल तिखट. फेटून दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. गाळलं नाही तर फवाऱ्याची तोटी तुंबते आणि ती तोंडाजवळ धरून साफ करताना जे होतं ते मी इथे लिहीत नाही. वाळल्यावर माणसाला वास येत नाही, हरणाला येतो. नवीन पान उलगडलं की परत, मोठा पाऊस झाला की परत. आमच्या शाकाहारी घरात अंडी येतात ती फक्त हरणांसाठी.

गोगलगायींचं थोडक्यात सांगते. बिनशंखाच्या, रात्री येणाऱ्या. पानाला चाळणी करतात. बशीत बिअर ठेवून बघितली, त्यात काही बुडाल्या, पण बऱ्याच जणी काठावरून पिऊन परत गेल्या असाव्यात. शेवटी शरद ऋतूत सडलेली पानं गोळा करून टाकायला लागले, म्हणजे त्यांच्या अंड्यांना जागा उरत नाही, आणि जाड पानांच्या जाती निवडायला लागले. त्यावर फारशी भोकं पडत नाहीत.

२०१८च्या एप्रिलमध्ये आई पहिल्यांदा सहा महिने राहायला आली. आली तेव्हा जमीन रिकामी होती आणि महिन्याभरात वाफा भरला. एका सकाळी ती चपला घालून वाफ्यापाशी वाकून उभी.

"अगं, ह्याच्या वड्या होतील का?"

मी म्हटलं, आई, हे अळू नाही. ती म्हणाली, ते मला दिसतंय. तिने एक पान उलटं करून दाखवलं. "अळूचं देठ पानाच्या पोटात लागतं, ह्याचं काठाला लागलंय. आणि शिरा बघ. अळूच्या शिरा फाटे फोडतात, ह्या सगळ्या देठापासून निघून नांगराच्या तासांसारख्या टोकाला जातात." तीन वर्षं रोज बघून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. मग तिने निळ्या पानावर ओंजळीतलं पाणी सोडलं. त्याचे मणी झाले आणि घरंगळले. "पाणी मात्र अळवावरचंच," ती म्हणाली.

तिचा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता, पण वाचलं तर जपानात होस्टाचे कोवळे कोंब वसंतातली भाजी म्हणून खातात. उरुई म्हणतात त्याला. शिवाय आताच्या वर्गीकरणात हे झाड शतावरीच्या कुळात येतं. कुत्र्या-मांजरांना मात्र ते बाधतं, त्यातल्या सॅपोनिनमुळे. दुकानातून आणलेल्या रोपावर कसली औषधं मारलेली असतात कोण जाणे, म्हणून आईला मी फक्त सासूबाईंचे उशिरा आलेले पाच-सहा कोंब काढू दिले, अंड्याचा पहिला फवारा मारायच्या आधी. लसूण, हिरवी मिरची, मोहरी-हिंगाची फोडणी, कोंब उभे चिरून दोन वाफा. खाजलं नाही. चवीला कोवळ्या शतावरीच्या जवळ, आणि देठात भेंडीसारखी हलकी बुळबुळ. आईने निकाल दिला, "बरी आहे. पण दोन माणसांच्या भाजीला अख्खं झाड जाईल."

'जून' नावाच्या जातीवरून तिने मला जे छळलं ते वेगळंच. ही हॅल्सियनपासूनच निघालेली जात. पानाच्या मध्ये पिवळं, कडेला निळसर हिरवं, आणि दोन्हींच्या सीमेवर ओल्या ब्रशने ओढल्यासारखे फटकारे. २००१ सालचा 'होस्टा ऑफ द इयर' हा मान तिला मिळालेला. मी हे सगळं कौतुकाने सांगितल्यावर आई म्हणाली, "जून? मग कोवळी कधी होती?" तेव्हापासून फोनवर चौकशी असते, जून कशी आहे, शिजते का.

आमचं खरं भांडण झालं जुलैमध्ये. होस्टाला फिक्या जांभळ्या फुलांचे दांडे येतात. एकेक फूल एक दिवस टिकतं, मग दांडा कळकट दिसायला लागतो. पानांचा घुमट नीट दिसावा म्हणून मी दांडे कळीतच कापते. कात्री घेऊन कापत होते, तर आई जिन्यावरून ओरडली, "फुलं कापतेस?" मी म्हटलं, पानं नीट दिसत नाहीत. ती काही वेळ बोललीच नाही. मग खाली आली, पडलेले दांडे उचलले आणि आत नेऊन देवापुढे ठेवले. ज्या मुलीला तिने परडी घेऊन फुलं काढायला शिकवलं ती पानांसाठी फुलं छाटते आहे, हे तिला पचलं नाही, आणि तोवर माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. नंतर आमची तडजोड झाली. एका जातीचे दांडे मी कापत नाही. 'प्लांटाजिनिया', चीनमधली. ऑगस्टमध्ये संध्याकाळी तिची मोठी पांढरी फुलं उघडतात आणि निशिगंधाच्या जवळ जाणारा वास अंगणभर असतो. चिनी लोक तिला जेड दगडाच्या आकड्याच्या नावाने ओळखतात, केसांत खोवायच्या. त्या वर्षी आईने ते फूल खरंच अंबाड्यात खोवलं.

जाताना तिला वाईला एक तुकडा न्यायचा होता. झाडं विमानातून अशी नेता येत नाहीत हे एक, आणि नेलं तरी जगणार नाही हे दुसरं. होस्टाला झोप लागते. हिवाळ्यात काही आठवडे चार-पाच अंशांच्या खालची सलग थंडी मिळाली नाही तर ते दर वर्षी लहान होत जातं आणि संपतं. वाईची डिसेंबरातली पहाट बोचरी असते, पण दुपारी तिथे आपण अंगणात बनियनवर बसतो.

पुढचा हिवाळा बर्फाचा होता आणि मार्चमध्ये ब्लू एंजलची काडी धरली तर अख्खा मुकुट, म्हणजे जिथून मुळं आणि कोंब फुटतात तो गड्डा, हातात आला, खाली मुळं जवळजवळ नाहीतच. व्होल नावाचा आखूड शेपटीचा, उंदराचा गोलटलेला भाऊ असतो, तो बर्फाखाली बोगदे करतो आणि मुळं खातो. मी प्रेमाने घातलेलं सहा इंच पाचोळ्याचं पांघरूण म्हणजे त्याच्या डोक्यावर छप्पर. आता मुकुटाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवते आणि आवडत्या रोपांना जमिनीखाली पाव इंची लोखंडी जाळीचा डबा. उरलेल्या मुकुटाला एक मूळ होतं. कुंडीत लावलं, जगलं.

२०२०च्या मे महिन्यात सगळे घरात कोंडलेले. ९ तारखेला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बर्फाचे कण उडाले. मेच्या दुसऱ्या आठवड्यात! आमच्याकडे होस्टा पूर्ण उलगडलेले, पान सर्वांत कोवळं असतं ते दिवस. आदल्या संध्याकाळी जुन्या चादरी पुरेनात म्हणून मी आईच्या ठेवणीतल्या तीन सुती साड्या काढल्या आणि काठ्यांवर मांडव घातला. सकाळी साड्या कडक झाल्या होत्या. ज्या कोपऱ्यात कापड पुरलं नाही, तिथली पानं दुपारपर्यंत काचेसारखी पारदर्शक होऊन लोंबली.

आता जे सांगायचं आहे ते माझ्या हाताने केलेलं. २०१९ला एका मोठ्या दुकानातून मी प्लास्टिकच्या पिशवीतली, मातीशिवायची, नुसत्या मुळांची स्वस्त रोपं आणली होती. त्यातलं एक पिवळ्या पानांचं. दुसऱ्या वर्षी त्याच्या शिरांलगत हिरवी शाई पाझरल्यासारखे डाग आले, जागोजागी पान चुरगळलेलं. मला वाटलं, काय सुंदर नक्षी! फोटो काढून आईला पाठवला. सप्टेंबरात विभागणी करायला बसले तेव्हा पहिला नंबर त्याचाच लावला, म्हणजे त्याची तीन रोपं होतील. आजींच्याच पद्धतीने, पाव कापायच्या सुरीने. मग तीच सुरी, नुसती मातीवर पुसून, पेट्रियटला. मग हॅल्सियनला. मग सासूबाईंच्या मोठ्या गड्ड्याला. त्यानंतर पाऊस आला म्हणून काम अर्धं सोडलं.

२०२२च्या वसंतात पेट्रियटच्या पानांवर तेच डाग. त्याला होस्टा विषाणू एक्स म्हणतात. १९९६मध्ये मिनेसोटा विद्यापीठात तो पहिल्यांदा ओळखला गेला. सुरुवातीच्या काळात अशी रोगट झाडं नवी जात समजून नावं देऊन विकली गेली, तेव्हा मी एकटीच मूर्ख नव्हते. तो हवेतून येत नाही, रसातून पसरतो. सुरी, कात्री, नखं, ह्यांनी. लक्षणं दिसायला कधी काही वर्षं जातात आणि औषध नाही. तपासायच्या पट्ट्या मिळतात. पानाचा नखाएवढा तुकडा द्रावणाच्या पिशवीत चुरडायचा, पट्टी बुडवायची आणि थांबायचं. एक रेघ की दोन, हे बघत थांबायची सवय तोवर सगळ्या जगाला झालेली होती. पाच पट्ट्या लावल्या. पिवळं, पेट्रियट आणि सासूबाई, तिघांना दोन रेघा. हॅल्सियन कसं कोण जाणे, सुटलं.

पोलिश आजी तोवर लेकीकडे पेनसिल्व्हेनियाला राहायला गेल्या होत्या आणि त्यांच्या दारातले गुच्छ काढून नव्या मालकांनी फरशी घातली होती. म्हणजे विचारायलाही जागा नव्हती. मी गड्डे खणले, तुटलेली मुळंही चाळून काढली, कारण मूळ राहिलं तर त्यातून फुटवा येतो आणि विषाणूही. सगळं काळ्या पिशव्यांत भरून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. सुरी फेकून दिली. लेक विचारत होता, आई, झाडाला कोविड झालाय का? हो म्हटलं.

आता प्रत्येक रोपानंतर सत्तर टक्के अल्कोहोलने पातं पुसते, मग पुढचं. कामाचे हातमोजेही बदलते. नवं रोप आलं की ते दोन वर्षं घराच्या दुसऱ्या बाजूला, कुंडीत, एकटं. पाहुण्याला ओटीवरच बसवून ठेवल्यासारखं वाटतं, पण इलाज नाही.

सासूबाई संपल्या नाहीत. गॅरेजच्या कडेला एक तुकडा २०१६पासून होता. पावसाने काम थांबवलं त्या दिवशी त्याची पाळी यायची होती. पट्टीवर एक रेघ. त्याला मी अजून कापलेलं नाही.

रिकाम्या झालेल्या जागांमध्ये क्रिसमस फर्न लावले आहेत, ह्याच जंगलातले. वाचनालयाच्या रोपविक्रीत एक बाई दर वर्षी मला ऐकवतात की परदेशी झाडं कशाला, इथली लावा. त्यांचं निम्मं मला पटतं. हरणं त्या फर्नला तोंड लावत नाहीत आणि तो नावाप्रमाणे डिसेंबरातही हिरवा असतो. आणि होस्टाच्या रुंद पानाशेजारी त्याची बारीक कातरलेली पानं लावली की दोन्ही जास्त चांगली दिसतात, हे मी त्या बाईंना सांगत नाही.

आज एप्रिलची सव्वीस तारीख. सकाळी चहा घेऊन मोजणी केली. सम अँड सब्स्टन्सचे कोंब अंगठ्याएवढे जाड, हॅल्सियनचे एकवीस, गॅरेजपाशी सासूबाईंचे मोजवेनात. जून अजून आलेली नाही. आईचा फोन येऊन गेला, तिला सांगितलं. "जून अजून?" म्हणत ती बराच वेळ हसली. जागेवर काडी रोवून ठेवली आहे. शेजारी व्होलचं एक ताजं भोक दिसतंय. जाळी लावली होती, पण पाच वर्षं झाली, गंजली असेल. रविवारपर्यंत थांबते आणि मग उकरते.